हुकूमनामा झाला तरी राहते घर, बैलजोडी जप्त होत नाही. हरकत मात्र वेळेत हवी

आष्टी (ता. परतूर, जि. जालना) : हातउसने घेतलेले पैसे, खत-बियाण्यांची उधारी किंवा मित्रासाठी दिलेला जामीन यांतून दावा उभा राहतो आणि न्यायालय पैशाच्या वसुलीचा हुकूमनामा देते. त्यानंतर धनको दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज दाखल करतो आणि बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन दारात येतो. आता सर्वस्व गेले, असा अनेक कुटुंबांचा समज होतो. कायदा मात्र तसे सांगत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० ने ऋणकोच्या चरितार्थाची साधने जप्तीतून वगळली आहेत.

काय जप्त होत नाही?

ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्री अंगावेगळे करू शकत नाही असे दागिने जप्त करता येत नाहीत. मंगळसूत्र हे त्याचे परिचित उदाहरण होय. सुतार, लोहार, शिंपी आदी कारागिरांच्या अवजारांनाही हेच संरक्षण आहे. ऋणको शेतकरी असेल तर शेतीची अवजारे, तसेच न्यायालयाच्या मते उपजीविकेस आवश्यक असलेली जनावरे व बियाणे वगळली जातात. मजुरांची व घरगड्यांची मजुरी, निवृत्तिवेतन, उपदान, भविष्यनिर्वाह निधी आणि ऋणकोच्या आयुर्विम्याची रक्कमही सुरक्षित आहे. निवृत्तीनंतर मिळालेली अशी रक्कम बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवली तरी तिचे संरक्षण जात नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात दिला.

पगाराचे गणित असे : पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग वगळला जातो. जप्तीस पात्र पगार २५,००० रुपये असल्यास दरमहा ८,००० रुपयेच कापता येतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने झाल्यावर त्या हुकूमनाम्यापुरती ती कायमची थांबते. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा केवळ एक तृतीयांश भाग वगळला जातो.

घर सुरक्षित, जमीन नाही

शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांच्या मालकीचे व स्वतःच्या राहण्यात असलेले घर, लगतच्या आवश्यक जागेसह, जप्त होत नाही. जमीन स्वतः कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगणारा, तोच येथे शेतकरी मानला जातो. दुकानदाराच्या किंवा नोकरदाराच्या घराला हे कलम लागू नाही. तसेच विशेषत्वाने तारण दिलेल्या मालमत्तेबाबत सहसा या संरक्षणाचा आधार मिळत नाही.

शेतजमीन मात्र कलम ६० च्या यादीत नाही. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने शेतकऱ्याची विशेषत्वाने गहाण नसलेली जमीनही जप्तीतून वगळली होती. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने या भागाला त्याचा लाभ झाला नाही, आणि आज तो कायदा अस्तित्वातही नाही. त्यामुळे बैल वाचतात, पण शेत लिलावात जाऊ शकते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सहीने हक्क जात नाही

“माझी कोणतीही मालमत्ता जप्त करण्यास हरकत नाही” असा मजकूर कर्जरोख्यात लिहून घेतला तरी तो निरर्थक ठरतो. कलम ६० चा लाभ सोडून देण्याचा करार रद्दबातल असल्याचे संहितेतच नमूद आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही.

पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुष ऋणकोलाही केवळ पैसे नाहीत म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असूनही बुडवण्याचा हेतू दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले.

काय करावे, काय टाळावे?

हे संरक्षण मागितल्याशिवाय पदरात पडत नाही. दरखास्तीची नोटीस मिळताच त्याच न्यायालयात लेखी हरकत नोंदवावी. सोबत सातबारा व आठ-अ उतारे, घराचा ग्रामपंचायतीचा उतारा, रहिवासाचा पुरावा जोडावा. जप्त झालेली वस्तू पत्नीची, भावाची किंवा शेजाऱ्याची असेल तर त्या व्यक्तीने आदेश २१, नियम ५८ खाली स्वतंत्र अर्ज करावा. विक्री झाल्यानंतर असा अर्ज ऐकला जात नाही. स्थावर मालमत्तेचा लिलाव झालाच, तर ६० दिवसांत वसुलीची रक्कम आणि खरेदीदारासाठी लिलावाच्या किमतीच्या ५ टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून घेता येते.

जप्ती टाळण्यासाठी नातेवाइकाच्या नावे घाईने खरेदीखत करणे मात्र अंगलट येते. धनकोला बुडवण्यासाठी केलेले हस्तांतरण न्यायालय रद्द ठरवू शकते, आणि जप्तीनंतरचे खासगी हस्तांतरण त्या जप्तीच्या मागण्यांपुढे टिकत नाही. त्यापेक्षा हप्ते बांधून मागणे श्रेयस्कर. हुकूमनाम्यानंतर मात्र त्यास धनकोची संमती लागते. पतसंस्था व सहकारी बँकांची वसुली बहुधा सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील दाखल्याने होते. त्याची प्रक्रिया वेगळी असल्याने नोटीस कोणत्या कायद्याखाली आली, हे आधी पाहावे.

महिला तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना उत्पन्नमर्यादेत, विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळतो. नोटीस घेण्याचे टाळल्याने दरखास्त थांबत नाही. हरकतीची संधी तेवढी हातची जाते.