उंदराच्या मानेंतील गांठ

१८९६ सालीं मुंबईस प्लेग आला, तेव्हां त्याचा जंतु ठाऊक होता. दोनच वर्षांपूर्वीं येर्सिन यानें तो हाँगकाँगला शोधून काढला होता. तो अंगांत कोणत्या वाटेनें शिरतो, हेंच कळत नव्हतें. वाट ठाऊक नाहीं म्हणून सरकारी पथकें घरें धुवीत, सामान जाळीत; पुण्यास १८९७ सालीं या जाचापायींच रँडचा खून झाला. आणि खरा चोर उंदराच्या केसांत बसला होता! पिसू हीच वाहक, असें सिमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं सांगितलें; पण फारसें कोणी मानलें नाहीं. उंदीर मेलेले उंदीर खातात, त्यांतूनच त्यांस रोग होतो, असा पुष्कळांचा समज होता.

१९०५ सालापासून परळच्या प्रयोगशाळेंत संशोधकांनीं उंदरांनाच साक्षीस बोलाविलें. कांहीं उंदरांस प्लेगनें मेलेले उंदीर खाऊं घातले. त्यांतले जे रोगास बळी पडले, त्यांच्या आंतड्यांलगतच्या ग्रंथी सुजलेल्या आढळल्या. मग शहरांत आपोआप मेलेले उंदीर फाडून पाहिले. त्यांच्या पोटांत तशी सूज नव्हती. गांठ बहुधा मानेंत! मानेवर उंदराचे दांत पोंचत नाहींत, म्हणून पिसवा तेथें निर्धास्त राहतात. दंशांतून शिरलेले जंतु प्रथम जवळच्या ग्रंथींत अडतात, तेथें वाढतात. मग रक्तांत उतरून प्लीहा व यकृत गांठतात. माणसास पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून त्याची गांठ जांघेंत. उंदीर मरून थंड पडला, कीं पिसवा त्यास सोडून दुसरें ऊबदार अंग शोधतात.