कर्णोपकर्णी

दिवाळीच्या फराळाशेजारी भीतीचा विषय मांडणे काहींना रुचणार नाही. पण खरे सांगायचे तर आपल्या घरांत भीतीच्या गोष्टी फराळाच्या ताटाशेजारीच सांगितल्या जातात. पाहुणे जमलेले असतात, चिवड्याच्या बशा फिरत असतात, आणि मध्येच कुणीतरी आवाज खाली आणून म्हणते, “तुम्हाला कळले का?” मुलांना अंगणात पिटाळले जाते. मुले अर्थातच दाराआड उभी राहून अक्षर न् अक्षर ऐकतात. “तुम्हाला कळले का” या तीन शब्दांनी सुरू होणाऱ्या एका गोष्टीचा इतिहास मी आज सांगणार आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, एकलहऱ्यास वीज केंद्राच्या धुरांड्यांच्या सावलीत राहून मुलांना शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मी एक साधा मास्तर आहे. मात्र गोष्टी रचण्याचा उद्योग असल्याने दुसऱ्याची गोष्ट कशी बांधली आहे हे चटकन ध्यानात येते. अफवा ही बिनलेखकाची गोष्ट. तिला सही नसते, तारीख नसते. पण बांधणी इतकी पक्की असते की आम्हा कादंबरीकारांनी हेवा करावा. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा गोष्टींत एक गोष्ट फार जुनी आणि फार चिवट आहे. ती अशी : कुणी परका माणूस येतो, आपल्यातले माणूस, बहुधा मूल, उचलून नेतो आणि त्याच्या देहातून काहीतरी काढून घेतो. सव्वाशे वर्षांत हिने कपडे पुष्कळ बदलले. हाडे तीच राहिली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. रोगी हुडकून इस्पितळात नेण्याचे सत्र सुरू झाले आणि त्यामागोमाग चाळीचाळींतून एक कुजबुज फिरू लागली. आर्थर रोडच्या इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही. का? तर तिथे माणसाला उलटे टांगतात, खाली आग पेटवतात आणि त्याच्या देहातून ‘मोमियाई’ गाळतात. मोमियाई म्हणजे सर्व दुखण्यांवर चालणारे जादूचे औषध, असा जुना समज होता. त्याच सुमारास मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासले होते. लगेच कुजबुजीला नवी फांदी फुटली : राणी संतापली आहे, तिने सूड म्हणून मुंबईकरांची काळजे मागवली आहेत! ऑक्टोबरअखेर सुमारे हजार गिरणीकामगार त्या इस्पितळावर चाल करून गेले. आज त्याच इस्पितळाला आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणतो.

आज हे वाचून हसू येते. पण हसण्याआधी थोडे थांबावे. इस्पितळात गेलेली बहुतेक माणसे खरोखरच परत येत नव्हती, कारण प्लेगवर तेव्हा उपायच नव्हता. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि घरात शिरून माणूस उचलण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. पुण्यात गोरे शिपाई स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट घालून शिरले. पुढे २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. १८९८ च्या जानेवारीत आमच्याच नाशिक जिल्ह्यात, सिन्नरला, प्लेगच्या बंदोबस्तावरून दंगल पेटली, आणि मार्चमध्ये मुंबईत. मोमियाई खोटी होती. पण आपले माणूस आपल्याला न विचारता नेले जाते, ही जखम खरी होती. अफवेचे बी खडकावर रुजत नाही, त्याला ओली जखम लागते.

आणि त्या अफवेचा जोर कशाने ओसरला हेही पाहण्याजोगे आहे. नुसत्या सरकारी खुलाशांनी नव्हे. निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळे उघडली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ चालवण्यात पुढाकार घेतला. दारातून आत डोकावता येते, आतला माणूस ओळखीचा आहे, असे दिसल्यावर भीती थोडी सैल झाली. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी रोग्यांसाठी उपचाराची सोय केली होती. तिथे त्यांच्या आई सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतःच्या पाठीवर घालून घेऊन गेल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ‘इस्पितळात मुले मारतात’ असे जग म्हणत असताना एक वृद्ध बाई दुसऱ्याचे मूल पाठीवर घेऊन इस्पितळाकडे चालत होती. अफवेला याहून मोठे उत्तर मला इतिहासात सापडलेले नाही.

प्लेग गेला, गोष्ट राहिली. आता ती पुलांच्या कामावर जाऊन बसली. नदीवर पूल बांधायला घेतला की आसपासच्या खेड्यांत म्हणायचे, पाया टिकत नाही म्हणून मूल बळी देणार आहेत. धरण असो की रेल्वेचा पूल, हीच आवई. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका उन्हाळ्यात मुलांना नदीकडे जाऊ देत नसत, त्याला पाण्याइतकेच हेही एक कारण होते. पाहा, मोमियाई गेली आणि तिच्या जागी पायाचा दगड आला. परका तोच, मूल तेच.

इथवर ही गोष्ट पायी चालत होती. तिला वाहन मिळाले ते टपालाचे. ‘हे पत्र वाचून अकरा जणांना पाठवा, अमक्याने फाडून टाकले, त्याचा मुलगा आठ दिवसांत वारला,’ अशी पोस्टकार्डे अनेक घरांत आली असतील. टपालाची तिकिटे छापणारा सिक्युरिटी प्रेस आमच्या नाशिकरोडलाच आहे. त्या तिकिटांनी किती सुखदुःखे वाहिली त्याची गणती नाही, पण भीतीही बरीच वाहिली असणार. या पत्रांची खुबी मजकुरात नव्हती, ‘पुढे पाठवा’ या आज्ञेत होती. १८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरल्या तेव्हाही हेच झाले. एका गावच्या चौकीदाराने दुसऱ्या गावच्या चौकीदाराला चपात्या द्यायच्या, त्याने तशाच आणखी भाजून पुढच्या गावांना द्यायच्या. कशासाठी, ते देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही. निरोप असा नव्हताच. होती ती फक्त पुढे पाठवण्याची आज्ञा. आणि तेवढ्याने साहेबांची झोप उडाली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्यांसाठी खुले केले. पुढच्या काही वर्षांत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. मी तेव्हा विशीत होतो. तासाचे पैसे मोजून, लाकडी खोक्यासारख्या कप्प्यात बसून ईमेल उघडावी, तर त्यात काय? आपली जुनीच गोष्ट, सुटाबुटात! एक प्रवासी हॉटेलात उतरतो, एक अनोळखी व्यक्ती त्याला पेय देते, सकाळी तो बर्फाने भरलेल्या टबात जागा होतो आणि त्याची किडनी काढून नेलेली असते. १९९७ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात ही ईमेल इतकी पसरली की तिथल्या पोलिसांना ‘असे काही घडलेले नाही’ असे जाहीर करावे लागले. आपल्याकडे तिची एक बहीणही आली : सिनेमागृहाच्या खुर्चीत सुई खोचलेली, बसणाऱ्याला टोचते आणि शेजारच्या चिठ्ठीत लिहिलेले असते की तुला एड्स झाला.

या ईमेलींत मजकुराच्या आधी नावांची लांबच लांब माळ असे. कुणी कुणाला पाठवली, त्याने कुणाला, त्याने आणखी कुणाला. त्यात बँकेतले अधिकारी असत, इंजिनिअर असत, पुण्यामुंबईचे आणि अमेरिकेतले भाचे-पुतणे असत. वाचणाऱ्याला वाटे, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी पाठवले त्याअर्थी खरे असणार. पण ती माळ नीट पाहिली तर त्यातल्या एकानेही काही पाहिलेले नसे. प्रत्येकाने फक्त आधीच्याचे नाव पाहिलेले असे. ज्या दाराशी ती माळ सुरू व्हायची ते दार कधीच सापडत नसे. इथेही एक ओली जखम होतीच. पोटासाठी किडनी विकणारे गरीब आपल्या देशात होते, म्हणून तर १९९४ साली मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा करावा लागला होता.

तोवर ही गोष्ट माणसे घाबरवत होती. पुढे तिने माणसे मारली.

२०१८ च्या उन्हाळ्यात ती व्हॉट्सअ‍ॅपवर आली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, भिकाऱ्यांच्या वेषात आहे, किडन्या काढते, सावध राहा. सोबत एक चित्रफीत : गल्लीत मुले खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एक मूल उचलून पळतात. ती चित्रफीत खरे म्हणजे कराचीतल्या ‘रोशनी’ या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली जाहिरात होती. मूळ जाहिरातीत शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीची पाटी दाखवतात. आपल्याकडे आली तिचे शेपूट कापलेले होते. मूल पळवल्याचे दिसायचे. परत आणल्याचे दिसायचे नाही.

त्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा वर्गात मुले हेच कुजबुजत होती. आया मुलांना हाताला धरून पोचवू लागल्या. वर्षानुवर्षे येणाऱ्या एका बोहारणीला आमच्या गल्लीतल्या बायांनी दारावरूनच परत पाठवले. मी एका मुलीच्या आईला विचारले, “बाई, तुम्हाला कुणी सांगितले?” ती म्हणाली, “माझ्या भावाने पाठवले. माझ्या लेकरांची काळजी नसती तर त्याने पाठवले असते का?”

तिच्या त्या उत्तरात मला या सगळ्या इतिहासाची किल्ली सापडली. अफवा दुष्ट माणसे पसरवतात असे आपण मानतो. एखादा दुष्ट आरंभी असेलही. पण पुढची हजारो पावले तिला प्रेमळ माणसे चालवतात. मामा पाठवतो, आत्या पाठवते. काळजी वाटते म्हणून पाठवतात, आणि पाठवले की काळजी केल्याचे समाधान मिळते. म्हणूनच ती खोटी ठरवणे अवघड जाते. निरोप नाकारला तर पाठवणाऱ्याची माया नाकारल्यासारखे होते.

१ जुलै २०१८, रविवार. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाड्याला आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. दूर सोलापूरकडच्या मंगळवेढे भागातून, भिक्षा मागत मागत. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणी पाहिला. तेवढे पुरले. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारले. पाचही जण मेले. त्याच रात्री नाशिक जिल्ह्यात मालेगावला असाच जमाव एका कुटुंबावर चालून गेला. त्यात लहान मूलही होते. तिथे पोलीस वेळेवर पोचले म्हणून ती माणसे वाचली. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक असेच मारले गेले. त्या भागातही चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची हाकाटी होती.

१८९६ साली जमाव निदान इस्पितळावर गेला होता, सत्तेच्या दारावर. २०१८ साली तो पाच भिक्षेकऱ्यांवर गेला. गोष्टीतला ‘परका’ सव्वाशे वर्षांत साहेबावरून घसरत घसरत ज्याला घर नाही, गाव नाही, ज्याच्या वतीने ‘हा आमचा’ असे म्हणायला बाजारात एकही तोंड नाही, अशा माणसापर्यंत आला. मला या इतिहासातली सगळ्यात लाजेची गोष्ट हीच वाटते.

त्या जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दिसण्याची सोय केली आणि भारतात एका वेळी ५ ठिकाणीच निरोप पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. हे बरे झाले. परंतु यंत्र पाय बांधू शकते, काळजीला दिशा देऊ शकत नाही. ते काम घरातच व्हायला हवे. मी वर्गात मुलांना एवढेच शिकवतो की अशी गोष्ट आली की तीन प्रश्न विचारा : कोणी पाहिले? कुठे? आणि त्याच्याशी मला बोलता येईल का? गोष्ट खरी असेल तर ती या प्रश्नांना भीत नाही. आणि काळजी वाटतच असेल तर निरोप ढकलण्याऐवजी उठून शेजारच्या मुलाला शाळेतून आणावे. सावित्रीबाईंनी निरोप पाठवला नव्हता. मूल उचलले होते.

दिवाळीच्या दिवसांत अजून आपल्या दारी पहाटे वासुदेव येतो, पिंगळा येतो, भैरवनाथाच्या नावाने डवर वाजवत गोसावी येतो. त्यांची मुले गावी वाट पाहत असतात, आपली आपल्या मागे दाराआड उभी राहून पाहत असतात. या दिवाळीत असा कुणी आला तर त्याला आधी पाणी विचारावे, मग गाव विचारावे, फराळातला एक लाडू हातावर ठेवावा. दाराआडची मुले तेही पाहतील. पुढे कधी कुणी आवाज खाली आणून “तुम्हाला कळले का” म्हणाले, तर त्यांच्यापैकी एखादे म्हणेल, “तो माणूस आमच्या घरी आला होता. मंगळवेढ्याचा आहे तो.”