घड्याळावरचा ऑक्सिजनचा आकडा आणि अल्टिट्यूड सिकनेस: लेहला जाण्याआधी हे वाचा

मे महिना जवळ आला की मला एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. 'लेहला चाललोय, एसपीओटू दाखवणारं चांगलं घड्याळ कोणतं?' दोन-तीन मॉडेल मी सांगतो, पण त्यासोबत जे सांगायला हवं ते मेसेजमध्ये मावत नाही. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, टेक्नॉलॉजीवर लिहिणारा माणूस आहे. पण ज्या डॉक्टरांनी हा आजार शोधून काढला, त्यांचं काम वाचलं की घड्याळाकडे कसं बघायचं ते आपोआप कळतं.

उंचावर नेमकं काय कमी होतं?

बऱ्याच जणांना वाटतं की डोंगरावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण घटतं. तसं नाही. मुंबईत हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो, लेहमध्येही तेवढाच आणि एव्हरेस्टवरही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा इतका असतो. लेहच्या ३,५०० मीटरवर तो जेमतेम दोन तृतीयांश उरतो, खारदुंग ला खिंडीत निम्म्याच्या आसपास आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात शिरणारा ऑक्सिजनही त्याच हिशोबाने घटतो.

हा त्रास सहसा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. त्यामुळे सह्याद्रीत कितीही किल्ले पालथे घातले तरी या बाबतीत काही सराव होत नाही. दम वाढतो, पाय मजबूत होतात, बस्स.

डॉक्टरांना हे कळायला इतकी वर्षं का लागली?

१८९१ साली जाकोते नावाचा एक तरुण डॉक्टर मों ब्लांवरच्या वालो झोपडीत आजारी पडला. खाली चल म्हणून सोबतचे सांगत होते, पण उंचीचा शरीरावर काय परिणाम होतो ते बघायचंय म्हणून तो थांबला आणि तिथेच गेला. शवविच्छेदनात फुप्फुसात पाणी भरलेलं आढळलं. तरी पुढे कित्येक वर्षं डोंगरावर असा मृत्यू झाला की 'न्यूमोनिया' म्हणून नोंद व्हायची. पेरूमधल्या डॉक्टरांना वेगळा संशय होता, पण त्यांचं लिखाण स्पॅनिशमध्ये असल्याने बाहेर फारसं पोचलं नाही.

१९६० मध्ये चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी एका ठणठणीत तरुण स्कीअरची केस छापली. ह्यूस्टन स्वतः गिर्यारोहक होते. १९३८ आणि १९५३ मध्ये त्यांनी के-टूच्या मोहिमांचं नेतृत्व केलं होतं. त्या तरुणाला जंतुसंसर्ग नव्हता, हृदयविकारही नव्हता. केवळ उंचीमुळे त्याच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. आज याला हेप म्हणतात. मेंदूला सूज येते त्या प्रकाराला हेस म्हणतात.

त्यानंतरचं मोठं काम भारतात झालं, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. १९६२ च्या चीन युद्धात मैदानी भागातले जवान घाईघाईने हिमालयात न्यावे लागले. त्यातले कितीतरी जण गोळी न लागताच कोसळले. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारी जवानांचा अभ्यास केला. १९६५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा हेपवरचा लेख आला आणि १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तब्बल १,९२५ जवानांवरचा. लक्षात घ्या, हे सगळे तरुण, कसलेले, रोज कवायत करणारे लोक होते. जिमला जातो म्हणून मला काही होणार नाही, असं ज्याला वाटतं त्याने हा आकडा आठवावा.

मग पीटर हॅकेट. या अमेरिकन डॉक्टरने एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे गावात, ४,२४३ मीटरवर, २७८ ट्रेकर्सना तपासलं. १९७६ मध्ये निष्कर्ष छापले गेले: निम्म्याहून जास्त लोकांना माउंटन सिकनेस झाला होता. त्यातही लुक्लापर्यंत विमानाने आलेल्यांना तो जास्त झाला, चालत आलेल्यांना कमी. म्हणजे प्रश्न किती उंच गेलात एवढाच नाही, तर किती लवकर गेलात हा आहे. मुंबई-पुण्याहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी लेहच्या विमानतळावर उतरणारा माणूस हॅकेटच्या कोणत्या गटात बसतो, हे वेगळं सांगायला नको. मनालीहून गाडीने जाणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. २,०५० मीटरवरून निघून त्याच रात्री सरचूला, ४,२०० मीटरच्या वर, तंबूत झोपणं हा तर विमानापेक्षा वाईट प्रकार.

आता घड्याळ

पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरची, १९७० च्या दशकातली. ऑक्सिजनने भरलेलं रक्त आणि रिकामं रक्त लाल व इन्फ्रारेड प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. दोन्ही प्रकाश बोटातून पाठवायचे, नाडीच्या ठोक्यासोबत जेवढा भाग बदलतो तेवढाच मोजायचा आणि त्यावरून टक्केवारी काढायची. क्लिपमध्ये प्रकाश बोटाच्या आरपार जातो. घड्याळात तो मनगटावरून परत आलेला मोजतात. हा सिग्नल मुळात कमजोर असतो. थंडीने हाताच्या रक्तवाहिन्या आकसतात, पट्टा सैल असतो, हात हलतो, तिथे टॅटू असतो; यातलं काहीही झालं तरी आकडा भरकटतो. आणि लेहमध्ये थंडी तर असतेच. तरुणांना एक साधा उपाय सांगतो: हात पाच मिनिटं चोळून गरम करा, बसून घ्या, मगच मोजा.

पण समजा आकडा अगदी बरोबर आला. मग?

कोविडमध्ये घरोघरी क्लिप आली आणि '९४ च्या खाली म्हणजे धोका' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. तो नियम समुद्रसपाटीजवळच्या आजारी माणसासाठी होता. लेहमध्ये पहिल्या दिवशी निरोगी माणसाचा आकडा ८५ ते ९२ असणं अगदी साहजिक आहे. तिथे ८८ बघून रात्रभर जागणारे लोक असतात. त्याहून घातक म्हणजे उलटा प्रकार: डोकं ठणकतंय, दोनदा उलटी झालीय, पण 'घड्याळ ९१ दाखवतंय ना, चला पँगाँगला'. सारखाच आकडा असलेल्या दोघांपैकी एक मजेत असू शकतो आणि दुसरा आजारी. माउंटन सिकनेसचं निदान आकड्यावर नाही, लक्षणांवर होतं. विश्रांती घेत असतानाही आकडा सोबतच्या सगळ्यांपेक्षा खूप खाली असेल किंवा सतत उतरत असेल तर ती धोक्याची खूण नक्कीच आहे, पण आकडा चांगला आहे म्हणून माणूस बरा आहे असं होत नाही.

मग तपासायचं कसं?

डॉक्टर वापरतात तो लेक लुईस स्कोअर फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. चार गोष्टी आहेत: डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा, चक्कर. प्रत्येकीला ० ते ३ गुण. काहीच नाही तर ०, असह्य असेल तर ३. उंचावर पोचून सहा तास झाले की मोजायचं. डोकेदुखी आहे आणि बेरीज ३ किंवा जास्त आली, तर तो माउंटन सिकनेस धरायचा. त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. एका दिवसात उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तर खाली यायचं. रोज रात्री किती उंचीवर झोपलात तेही लिहा; फोनमधला उंचीमापक एवढ्यासाठी पुरेसा आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. लेहला विमानाने उतरणारे तो पहिल्याच दिवशी मोडतात. म्हणून तिथे पहिले दोन दिवस नुसतं बसा, झोपा, पाणी प्या.

डायमॉक्स नावाने मिळणारं ॲसिटाझोलामाइड हॅकेटच्या फेरिचेतल्या अभ्यासातही उपयोगी ठरलं होतं. ते मूत्रपिंडामार्फत रक्त थोडं आम्लधर्मी करतं, त्यामुळे श्वासाचा वेग वाढतो. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ते चालेलच असं नाही, त्यामुळे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. बाजारात मिळणाऱ्या छोट्या ऑक्सिजन कॅनवर मात्र माझा विश्वास नाही. कॅनमध्ये १० लिटर वायू आहे असं धरा आणि मिनिटाला २ लिटर वापरा, ५ मिनिटांत खेळ खलास.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

बसल्या जागी धाप लागते, खोकला आहे, कफाला गुलाबी फेस येतो: हेप. बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो: हेस. तोल बघायला जमिनीवर सरळ रेष धरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगा, दारू प्यायलेल्याला पोलीस चालवतात तसं. जमलं नाही तर रात्र असो की पाऊस, त्याला खाली न्यायचं. एकट्याला पाठवायचं नाही आणि 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. हेप बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रात्री जोर धरतो. ऑक्सिजन सिलिंडर मिळाला तर लावा, पण उतरणं थांबवू नका.

रस्ता बंद असेल तर गॅमो बॅग कामाला येते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या इगोर गॅमो यांनी १९८० च्या दशकात ती बनवली. माणूस मावेल एवढी हवाबंद पिशवी, आणि पायाने मारायचा पंप. आतला दाब वाढला की आजारी माणूस जागेवरच दीड-दोन हजार मीटर खाली 'उतरतो'. पंप मात्र सतत मारत राहावं लागतं, नाहीतर आत कार्बन डायऑक्साइड साठतो. बाहेर काढलं की परिणाम ओसरतो, म्हणून मिळालेला वेळ खाली नेण्याच्या तयारीत वापरायचा.

आणि कुणी कोसळलाच, हाक मारून हलवूनही उत्तर देत नाही, श्वास नीट नाही, तर सीपीआर. ११२ लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि दोन्ही हात छातीच्या मधोमध. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. मेट्रोनोमचं ॲप असेल तर ११० वर लावा, ताल चुकत नाही. इथे त्रास ऑक्सिजनच्या कमतरतेतून झालेला असतो. त्यामुळे शिकलेला माणूस सोबत असेल तर ३० दाबांनंतर २ वेळा तोंडाने श्वास द्यावा, नसेल तर नुसते दाब चालू ठेवावेत. विरळ हवेत दाब देणाराही लवकर थकतो. खाली दोन मिनिटांनी माणूस बदलतात, इथे त्याच्याही आधी बदला.

फोनचं एक राहिलं. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय नेणं हा भारतात गुन्हा आहे. खारदुंग लाच्या पलीकडे आणि पँगाँगच्या वाटेवर मोठ्या पट्ट्यात नेटवर्क नसतंच. तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी पोचताच तिथलं जवळचं आरोग्य केंद्र आणि लष्कराची चौकी कुठे आहे ते विचारून ऑफलाइन नकाशावर पिन टाकून ठेवा.