गोणी-आहार पद्धत (मत्स्यसंवर्धन)

तळ्यातील कार्प माशांना छिद्रे पाडलेल्या गोणीतून खाद्य देण्याची रीत. आंध्र प्रदेशातील कृष्णा-गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, विशेषतः कोल्लेरू सरोवराच्या परिसरातील तळ्यांत, ती रूढ आहे.

खताच्या रिकाम्या प्लॅस्टिक गोणीला तळाजवळ बारीक छिद्रांच्या दोन-तीन ओळी पाडतात. तीत तेल काढलेला भाताचा कोंडा आणि भुईमुगाची किंवा सरकीची पेंड भरून ती पाण्यात रोवलेल्या बांबूला वा ताणलेल्या दोरीला बांधतात. मासे तोंडाने गोणीला ढुसण्या देतात, तसतसे खाद्य छिद्रांतून झरते. सरावलेले मासे गोणी पाण्यात उतरताच भोवती गोळा होतात आणि साधारण दोन तासांत ती रिकामी करतात.

या रीतीचे मर्म माशाच्या शरीररचनेत आहे. रोहू, कटला, मृगळ यांना जठर नसते, त्यामुळे एका वेळी भरपूर खाऊन साठवणे त्यांना जमत नाही. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खाल्लेलेच अंगी लागते. भुकटी पाण्यावर फेकली, तर काही वाऱ्याने उडते, बरीच तळाशी बसून कुजते. कुजताना ती पाण्यातील प्राणवायू घेते व अमोनिया वाढवते. मग पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात, त्यांची भूक मंदावते आणि वाढ खुंटते. म्हणजे पेंडीचा पैसा जातो तो जातोच, वर पाणीही बिघडते. एक किलो वाढीला दोन किलो खाद्य लागले, तर खाद्य-रूपांतर गुणोत्तर २ मानतात. नासाडी वाढली की हा आकडा चढतो.

गोणीतूनही थोडी भुकटी वाया जातेच. तरंगत्या गोळीखाद्याची नासाडी त्याहून कमी, पण किंमत जास्त.

लहान माशांना रोज शरीरवजनाच्या सुमारे ५ टक्के खाद्य देतात. मासे मोठे होतील तसे हे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत उतरवतात. त्यासाठी दर महिन्याला जाळे टाकून काही माशांचे वजन करावे लागते. महाराष्ट्रातील शेततळ्यांत मासे पाळणाऱ्यांनीही हे वजन टाळू नये. अंदाजाने दिलेले खाद्य बहुधा कमी तरी पडते, नाहीतर कुजते.

दोन तासांनी गोणी उचलून पाहावी. खाद्य उरले असेल, तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी भरावे. मासे पहाटे तोंड वासताना दिसले, तर त्या सकाळी गोणी बांधूच नये.