तळटीप : कणगीतले किडे

लेखकाने सरसकट 'किडे' म्हटले असले, तरी कडधान्यातले भुंगेरे एका जातीचे नव्हेत. कॅलोसोब्रुकस प्रजातीच्या चायनेन्सिस, मॅक्युलेटस, ॲनॅलिस या जाती महाराष्ट्रात आढळतात. पहिलीतल्या नराच्या मिशा फणीसारख्या असतात. प्रौढ भुंगेरा दाणा खात नाही. मादी दाण्यावर अंडे चिकटवते, अळी आत शिरून पोखरते, आणि गोल भोकातून नवा भुंगेरा बाहेर पडतो. लागण पुष्कळदा शेतातच, पिकत्या शेंगांवर होते. कणगीला उगाच बोल! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'विजय' हरभरा मर रोगाला दाद देत नाही, पण भुंगेऱ्यांपुढे त्याचेही चालत नाही. भरडलेल्या डाळीला मात्र त्यांचा उपद्रव कमी.