खाँसाहेबांची भूमिका कोणाला द्यायची?

१. जुने संगीत नाटक पुन्हा उभे करताना संहिता हाती असते, पदांच्या चालीही ठाऊक असतात. तरीही एक प्रश्न उरतोच: प्रमुख भूमिका कोणी करायची? 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर दोन वेळा, दोन वेगळ्या प्रकारे दिले गेले.

२. प्रश्न तसा जुनाच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले. त्या परंपरेत नटाला स्वतःच गावे लागे. त्यामुळे गाजलेली भूमिका त्या नटाच्या गळ्याशी जोडली जाई आणि पुढच्या नटाची त्याच्याशी तुलना अटळ ठरे.

३. 'कट्यार'चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ची.

४. कथानक दोन घराण्यांच्या स्पर्धेचे. राजगायकाचे पद पंडित भानुशंकरांकडून खाँसाहेब आफताब हुसेन यांच्याकडे जाते. पंडितजींकडे शिकू इच्छिणारा सदाशिव मग खाँसाहेबांचेच गाणे चोरून ऐकत शिकतो. एकाच पदाला अभिषेकींनी दोन चाली दिल्या: एक पंडितजींच्या गायकीची, दुसरी खाँसाहेबांच्या. घराण्यांतील फरक श्रोत्याला संवादांवाचून कळतो.

५. खाँसाहेब झाले पं. वसंतराव देशपांडे. वय ४७. संरक्षण खात्याच्या लेखा विभागात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केलेली. तालीम एकाहून अधिक गुरूंची. त्यांच्या आक्रमक, चपळ गायकीत खाँसाहेबांचा अहंकार आणि विद्वत्ता दोन्ही ऐकू येत. पात्र आणि गायक प्रेक्षकांच्या मनात एकरूप झाले.

६. ३० जुलै १९८३ रोजी वसंतराव गेले. त्यांचे नातू राहुल देशपांडे तेव्हा चार वर्षांचेही नव्हते. आजोबांसमोर बसून शिकणे त्यांच्या वाट्याला आले नाही. पुढे गंगाधरबुवा पिंपळखरे, मुकुल शिवपुत्र अशा गुरूंकडे त्यांची तालीम झाली.

७. २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा रंगभूमीवर आले. खाँसाहेब होते राहुल देशपांडे. सदाशिव होते अभिषेकींचे शिष्य महेश काळे. एक भूमिका गायकाच्या नातवाकडे, दुसरी संगीतकाराच्या शिष्याकडे.

८. ही निवड केवळ नात्याची मानली, तर तिचे मर्म हातून सुटते. आडनावामुळे प्रेक्षक नाट्यगृहापर्यंत येईल. तीन अंक त्याला खिळवून ठेवायला तयार गळाच लागतो. राहुल यांना आजोबांची गायकी मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून ऐकून आत्मसात करावी लागली. म्हणजे खाँसाहेब साकारणाऱ्या गायकाची वाट पुष्कळशी सदाशिवाचीच होती.

९. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी चित्रपट आला. त्यात खाँसाहेब साकारले सचिन पिळगावकरांनी, गायले राहुल देशपांडे. सदाशिव साकारला सुबोध भावे यांनी, गायले महेश काळे. त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. रंगभूमीवर जे एकाच माणसाला पेलावे लागते, ते पडद्यावर दोघांत वाटले गेले.

१०. चित्रपटाने ही कथा नव्या पिढीच्या घराघरांत नेली. नाटकाचे पुढचे पुनरुज्जीवन मात्र पुन्हा त्याच प्रश्नाशी येऊन थांबेल. खाँसाहेब आपली विद्या घराण्याबाहेर जाऊ देत नाहीत. पण त्यांची भूमिका जिवंत राहायची, तर कोणी तरी ती गायकी मोकळ्या हाताने शिकवत राहिले पाहिजे.