फुटबॉलमधील कामगिरी-विश्लेषण : नोंदवहीपासून युवा अकादमीपर्यंत

प्रस्तावना

सामना संपल्यावर प्रशिक्षकाला त्यातले नेमके किती आठवते? इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांच्या १९८६ च्या अभ्यासात नवख्या प्रशिक्षकांना निम्म्याहून कमी महत्त्वाच्या घटना अचूक सांगता आल्या. म्हणूनच नोंदींची गरज भासते. पण नोंद अचूक असली म्हणजे निष्कर्षही बरोबर असतो का? इंग्लंडच्या उदाहरणातून आपण हे पाहू.

नोंदवहीचा काळ

१८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स या सामन्याच्या उत्तरार्धात चार्ल्स रीप यांनी कागद-पेन्सिलीने प्रत्येक चढाईची नोंद सुरू केली. ते ब्रिटिश हवाई दलात लेखा अधिकारी होते. १९६८ मध्ये त्यांनी बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह शोधनिबंध प्रसिद्ध केला. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चढायांतून होतात, असे रीप यांच्या नोंदींतून दिसले. त्यावरून चेंडू लवकर व लांब पुढे मारावा, हा निष्कर्ष रूढ झाला.

त्रुटी कोठे होती?

आता आपण स्वतः हिशेब करून पाहा. एकूण चढायांपैकी सुमारे ९० टक्के चढाया मुळातच तीन किंवा कमी पासच्या होत्या. म्हणजे ९० टक्के चढायांतून ८० टक्के गोल, तर उरलेल्या १० टक्क्यांतून २० टक्के गोल! दर चढाईमागे लांबलेली चढाईच दुपटीहून अधिक फलदायी ठरते. २००५ मध्ये माइक ह्यूज आणि फ्रँक्स यांनी चढायांची वारंवारता लक्षात घेऊन हीच बाब मांडली.

परंतु तोवर बराच काळ लोटला होता. इंग्लिश फुटबॉल संघटनेचे प्रशिक्षण संचालक चार्ल्स ह्यूज यांनी कमी पासच्या थेट खेळाचा पुरस्कार केला. त्यांचे ‘द विनिंग फॉर्म्युला’ हे पुस्तक १९९० मध्ये आले. चुकीच्या भागाकाराची किंमत शिकणाऱ्या मुलांनी मोजली : चेंडू पायाशी ठेवून विचार करण्याचा सराव मागे पडला.

आजची अकादमी

२०१२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘एलिट प्लेअर परफॉर्मन्स प्लॅन’ लागू झाला. अकादमींच्या चार श्रेणी ठरल्या आणि वरच्या श्रेणींत कामगिरी-विश्लेषक आवश्यक झाला. येथे प्रश्न ‘संघ का हरला?’ एवढाच नसतो. चेंडू मिळण्यापूर्वी मुलाने मागे वळून पाहिले का, दुसरा कोणता पास उपलब्ध होता, हे प्रशिक्षक छोट्या चित्रफिती दाखवून त्यालाच विचारतो. अशा नोंदी वर्षानुवर्षे जपल्याने मुलाची तुलना त्याच्याच जुन्या खेळाशी करता येते.

सारांश

आकडे स्मृतीची उणीव भरून काढतात, विचाराची नाही. ‘किती?’ या प्रश्नानंतर ‘कितीपैकी?’ हे विचारायला विसरू नका.

स्वाध्याय : आपल्या महाविद्यालयाच्या एका सामन्यातील चढाया व पास नोंदवा आणि वरीलप्रमाणे प्रमाण काढा.